पावणं, तुमच्याकडं कोण निवडून आलं?

समोरच्याचं राजकारण काढून घेतल्याशिवाय त्याला चहा पाजायचा नाही, हे व्रत जन्मभर पाळणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. तर या मामांनी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, त्याच्या वॉर्डात कोणाची हवा आहे हे सांगितल्याशिवाय कधी मोरीत पाऊल टाकू दिलं नाही. आत्याच्या दातांचा डॉक्टर शाहूवाडीकडच्या एका खेड्यातला आहे असं कळल्याबरोबर यांनी तिकडच्या पंचायतीचा विषय काढला. आत्या आ वासून खुर्चीत, आणि डॉक्टर हातातला चिमटा हलवत सरपंच कसा पडला ते सांगतोय! मला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांना मामांनी शेती विचारली नाही, पत्रिका विचारली नाही, फक्त "तुमचा गट कंचा?" एवढंच विचारलं. वडील म्हणाले, आम्ही कुणाच्यात नसतो. ते स्थळ तिथंच बारगळलं.

मामांचं घर कसबा बावड्यात, मागे गोठा, गोठ्यात म्हशी. दूध संस्थेच्या प्रत्येक निवडणुकीला मामा उभे राहत आणि प्रत्येक निवडणुकीत पडत. तरी निकालाच्या दिवशी न चुकता पांढराशुभ्र शर्ट घालून जात, कारण गुलाल पांढऱ्यावर उठून दिसतो. संध्याकाळी शर्ट होता तस्सा पांढरा घरी येई आणि आत्या तो न धुताच घडी घालून ठेवून देई.

नव्वदच्या दशकात मी विद्यापीठात शिकत होते, तेव्हा आमच्या वर्गात आफ्रिकेतून आलेला एक मुलगा होता. त्याच्या देशाचं नाव सांगत बसत नाही. मामांनाही ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, ते नुसतं 'तिकडं' म्हणत. त्याला खोली मिळेना म्हणून मीच त्याला मामांच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं. त्याला स्वतःचं चांगलं नाव होतं, पण मामांनी पहिल्या दिवशी 'पावणं' म्हटलं आणि गल्लीत तेच रुजलं. एक अख्खा नवा देश घरात राहायला आला म्हटल्यावर मामांना रात्रभर झोप नव्हती. सकाळी चहाची कपबशी पुढे सरकवत त्यांनी सुरुवात केली.

"पावणं, तुमच्याकडं कोण निवडून आलंय?"

पाहुण्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं आणि मामांचं हिंदी म्हणजे आपल्याच बोलण्याला शेवटी जोडलेलं 'है'. तरी प्रश्न पोचला. पाहुणा म्हणाला, कोणीच नाही, एक जनरल आहेत, मी जन्मल्यापासून तेच आहेत.

"म्हंजे बिनविरोध!" मामा हरखून म्हणाले. "दांडगा हाय की गडी!"

दुसऱ्या दिवशी विचारलं, त्याच्या विरोधात कोण. मग विचारलं, चिन्ह कोणतं. मग सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न, "तुमचं घर कुणाच्या बाजूचं?" पाहुणा कढत चहा घशात ओतून कॉलेजला पळायचा. पुढे तो मागच्या दारानं, गोठ्यातून सटकू लागला, तर तिथं मामा दुधाची बादली घेऊन हजर.

एक दिवस त्यानं मला कँटीनच्या मागे गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "तुझे मामा कोणासाठी काम करतात?"

"विरोधी पॅनेलसाठी," मी म्हटलं आणि हसले.

तो हसला नाही. खोली सोडतो म्हणाला. त्यांच्याकडे, तुझं घर कुणाच्या बाजूचं हे विचारणारी माणसं एकाच प्रकारची असत. त्याचा थोरला भाऊ शाळामास्तर. अशाच एका चहा पाजणाऱ्याला त्यानं खरं उत्तर दिलं होतं आणि तो अजून तुरुंगात होता.

मी मामांना सगळं सांगितलं. "मी? खबऱ्या?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. आत्या म्हणाली, "आता तरी तोंड आवरा." मामा हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "खोली सोडंना का. पर उद्या त्येला सभंला घिऊन ये."

दूध संस्थेची वार्षिक सभा होती. मामांनी माईक धरला आणि चेअरमनवर तुटून पडले. आपल्या म्हशीच्या दुधाची फॅट मुद्दाम कमी लावून दर पाडला जातो, ही त्यांची जुनी तक्रार. कोणी माईक ओढला, कोणी खुर्ची उचलली, 'मंजूर', 'नामंजूर' नुसता गलका. पाहुण्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "आता यांना नेतील?" तो विचारत होता. आणि मग हा मुलगा, ज्याला मामांपासून पळून जायचं होतं, तो मामांना कोणी उचलून नेऊ नये म्हणून दार अडवून उभा राहिला.

सभा संपली. चेअरमन घाम पुसत मामांकडे आले आणि म्हणाले, "चला दाजी, च्या घिऊ."

टपरीवर मामांनी ओळख करून दिली. "ह्यो आमचा पावणा. आन पावणं, ह्यो आमचा जनरल. इचारा काय इचारायचं त्ये. काय करत न्हाई त्यो."

पाहुण्यानं ग्लास खाली ठेवला, धीर गोळा केला आणि शिकलेलं सगळं मराठी पणाला लावून विचारलं, "मामांची फॅट कमी का लागते?"

"पाणी घालतोय त्यो!" चेअरमन ओरडले. टपरी हसली, मामा उखडले, आणि पाहुणा इतका हसला की डोळे पुसायला लागला. खोली त्यानं सोडली नाही. शिक्षण संपेपर्यंत तिथंच राहिला. मामांचा सकाळचा पहिला प्रश्न मात्र बदलला. "पावणं, भावाची काय खबर?"

तो परत गेल्यावर कित्येक वर्षांनी, एका दिवाळीत मी बावड्यात असताना त्याचा फोन आला. मामांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोन्हीकडून आरडाओरडा. जनरल गेला होता. भाऊ सुटला होता. तिकडं निवडणूक झाली होती आणि भाऊ उभा राहिला होता.

"मग?" मामा ओरडले.

"पडला, मामा!"

पडण्यातलं मामांना कोणी शिकवायला नको होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आन आता कुठं हाय त्यो?"

"घरी हाय की. हितंच बसलाय. च्या पितोय."

मामांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि आत्याला हाक मारली, "अगं, माझा पांढरा शर्ट काढ!" आत्या म्हणाली, "पडला न्हवं त्यो?" मामा म्हणाले, "पडला, आन घरात बसून च्या पितोय! आण गुलाल!"

देव्हाऱ्यातली गुलालाची वाटी आत्यानं त्यांच्या डोक्यावर उपडी केली. इतक्या वर्षांत मामांच्या अंगावर पडलेला तो पहिला आणि शेवटचा गुलाल. मामा आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः निवडणुका आल्या की. तो शर्ट आत्याच्या ट्रंकेत आहे, आणि अजूनही तिनं तो धुतलेला नाही.