जळला तो पास

जिथे माल शिल्लक राहत नाही, तिथे किस्से साठतात. मुलुंडच्या आमच्या फ्यूजच्या कारखान्यातली टेस्टिंग रूम अशीच होती. ठरलेला करंट सोडायचा. फ्यूज जळला तर पास, नाही जळला तर फेल. म्हणजे पास झालेला विकता येत नाही आणि फेल झालेला विकायचा नसतो! मी आठवीतून शाळा सोडून इथे लागलो होतो. करंट सोडायचं काम माझं, बोलायचं बाकीच्यांचं.

*

एका वर्षी गावडेकाकांच्या फ्यूज बनवायच्या मशीनबद्दल तक्रारी आल्या. मशीन जुनं, काका पन्नाशीचे. गिरणी बंद पडल्यावर इथे आले आणि या मशीनवर हात बसला. ते गेलं तर त्यांना पॅकिंगला खोकी चिकटवत बसावं लागणार होतं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, “पाच फ्यूज जाळून बघा, बस. फुकटचा माल नाही.”

पाचही पास. साहेब ‘मशीन उत्तम’ असं लिहायला निघाले. तपासणीचं गणित बघणारे लेले सर म्हणाले, “साहेब, तुम्ही बोरीवलीला नॅशनल पार्काला लागूनच राहता ना? मी पाचदा आलोय तुमच्याकडे. बिबट्या एकदाही दिसला नाही. लिहून देऊ, तिथे बिबट्या नाही म्हणून?”

साहेबांची मुलं लहान होती. आणखी माल जाळायला परवानगी मिळाली.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांना उलटाच उत्साह आला. “शंकाच नको. अख्खा लॉट जाळा.”

“आणि गिऱ्हाइकाला काय पाठवू, राख?” गावडेकाका म्हणाले. “शंभर टक्के खात्रीची?”

*

शेवटी लेले सरांनी भिंतीवर एक कागद लावला. त्यावर दोन आडव्या रेघा.

“मशीन बिघडलेलं असेल तर आपल्याला दिसतंय तसं दिसण्याची शक्यता किती, आणि ठीक असेल तर किती? प्रत्येक फ्यूजनंतर दोन्हींची तुलना करायची आणि एक ठिपका द्यायचा. ठिपका वरच्या रेघेपलीकडे गेला तर बिघडलेलं, खालच्या रेघेखाली गेला तर ठीक.”

“आणि मधेच राहिला तर?” काकांनी विचारलं.

“तर आणखी एक जाळायचा.”

“आमच्या पोरीच्या स्थळाचं असंच चाललंय,” काका म्हणाले. “हो नाय, ना नाय, पोहे चालूच.”

*

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठिपके घसरत घसरत खालच्या रेघेला येऊन टेकले. काकांनी डबा उघडलाच नव्हता.

“सर, आता थांबा ना. टेकलंय.”

“टेकणं म्हणजे ओलांडणं नव्हे, गावडे.”

“कबड्डीत चालतं हो.”

सर थांबले नाहीत. मी करंट सोडत राहिलो. सुट्टीनंतर फ्यूज जळेनासे झाले आणि चहा येईपर्यंत ठिपका वरच्या रेघेपलीकडे गेला. काकांनी मशीन नेहमीसारखं पुसलं, कपडा खिडकीत वाळत घातला आणि पॅकिंगला गेले.

*

नवीन मशीन आलं. परदेशी. साहेबांनी स्वतः नारळ फोडला, हार घातला. आठवड्याने सरांनी त्याचीही टेस्ट लावली. तोच कागद, त्याच रेघा. ठिपके सरळ वर चढले आणि रेघ ओलांडून गेले.

साहेबांनी कागद जवळून बघितला. मग म्हणाले, “लेले, कधी कधी चांगल्या मशीनवरही खोटा आळ येतो ना?”

“येतो. रेघा आखतानाच ते धरलेलं असतं. शंभर चांगली मशिनं तपासली तर पाचेकांवर येतो.”

“मग हे त्या पाचांतलं. तसा रिपोर्ट करा.”

गावडेकाका रिकामी खोकी न्यायला आले होते. ते दारातच थांबले.

“सायेब, मग माझं मशीन त्या पाचांत का नाय धरलंत?”

साहेबांनी हारातलं एक सुकलेलं फूल खुडून काढलं.

“गावडे,” ते म्हणाले, “ते जुनं होतं.”