सोफ्यापर्यंत आलेलं गवत

मुलांना घेऊन बाहेर पडलं की किस्से शोधावे लागत नाहीत. घरी येऊन बूट काढेपर्यंत दोन-चार जमलेलेच असतात. नवरात्र संपलं की दर रविवारी सकाळी मी अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमधली टोळी घेऊन बारवीच्या वाटेवरच्या माळावर जाते. हे त्या टोळीचे किस्से.

* * *

पहिल्याच रविवारी भाताच्या शेताजवळ पाच वर्षांची अन्वी थबकली. नाक वर करून म्हणाली, "मावशी, इथे कुणीतरी कुकर लावलाय."

शेत होतं वासाच्या तांदळाचं. बांधावरच्या आजी हसून म्हणाल्या, "आगं, आजून उभाच हाय तो, शिजंल कसा?"

अन्वीला पटलं नाही. ती कुकर शोधत राहिली.

* * *

भर उन्हात पारदर्शक पंखांचा एक चतुर काडीवर शेपूट आभाळाकडे करून बसला होता. "असा का बसलाय?" टोळीतल्या मिहिरनं विचारलं.

"मला माहीत नाही रे."

तो लगेच मागे वळून ओरडला, "ए, मावशीला पण येत नाही!" इतका आनंद त्यांना मी दिलेल्या कुठल्याच उत्तरानं झाला नव्हता.

* * *

मिहिरचा वर्गमित्र हितेश उल्हासनगरहून, कॅम्प एकमधून येतो. त्याच्या मम्मीनं स्कूटरवरूनच बजावलं होतं, "ताई, कपडे गंदे झाले तर नेक्स्ट टाइम नाय पाठवणार हां."

बिचारा सगळी सकाळ डांबरी रस्त्यावर उभा. सगळे गवतात लोळताहेत आणि हा लांबून विचारतोय, "आंटी, वो कीडा क्या खाता है?" मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी मात्र पठ्ठ्यानं टी-शर्ट उलटा घातला आणि मनसोक्त लोळला. निघताना सुलटा केला. बाहेरून एकदम चकाचक! आतून गवताची कुसळं. घरी जाईपर्यंत अंग खाजवत होता.

* * *

त्याच संध्याकाळी हितेशच्या मम्मीचा फोन. "ताई, हे काय काटे काटे? सोफ्यात घुसलेत!"

संपलं, आता हा पोरगा काही येत नाही, असं मनात आलं. तरी खरं ते सांगितलं. "काटे नाहीत, गवताचं बी आहे. कुणाला तरी चिकटून लांब जातं आणि तिथे रुजतं."

"म्हणजे ते माझ्या सोफ्यापर्यंत आलं?"

"कुंडीत टाकून बघा," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

* * *

पुढचे दोन रविवार हितेश आलाच नाही. मिहिर रस्त्याकडे बघत बसायचा, मीही.

तिसऱ्या रविवारी स्कूटर थांबली. हितेश उतरला. पाठोपाठ मम्मी. पंजाबी ड्रेस, आणि सँडलवरून गुडघ्यापर्यंत ओढलेले नवऱ्याचे लोकरीचे मोजे.

"ताई, कुंडीत हिरवं आलंय," त्या म्हणाल्या आणि मोज्यांकडे बोट दाखवलं. "ह्याच्यात बिया जास्त चिकटतात ना?"

उत्तराची वाट न बघता त्या सरळ गवतात शिरल्या. कमरेएवढ्या गवतात.

रस्त्यावरून हितेश घाबरून ओरडला, "मम्मी, कपडे गंदे हो जाएँगे!"

मागे वळून न बघता त्या म्हणाल्या, "तो क्या हुआ? मशीन है ना घर पे."