धार ते देवास, एक दिवा आणि परातभर बटाटे

"चिरलेले बटाटे दोन दिवस टिकवून दाखव, मग कुमुदचं बोलू," असं अण्णा ताक पिता पिता म्हणाले आणि माझं आयुष्य बदललं. अण्णा देवासचे आचारी, लग्नाच्या जेवणावळी घेतात. आदल्या दिवशी चिरलेले बटाटे बुळबुळीत होतात, हे त्यांचं दुखणं. कुमुद त्यांची मुलगी, हे माझं. तिच्यापायी मी इंदूरचं कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं.

धारच्या एका डॉक्टरांकडे त्वचारोगाचा जांभळा दिवा होता. त्याचे अतिनील किरण जंतू मारतात, एवढं कॉलेज सोडण्याआधी शिकलो होतो. त्यांच्या दवाखान्यातच तीनदा करून पाहिलं. किरण लागलेल्या फोडी तिसऱ्या दिवशीही ठणठणीत. मग दिवा मागून घेतला, गोधडीत गुंडाळला आणि सकाळची मोटार पकडली.

या रस्त्याने जाणाऱ्यांनी पुढच्या बाकावर बसावं. मागे धुळीनेच पोट भरतं. घाटाबिल्लोदला चहा घ्या, भजी नको. तिथलं तेल संस्थानं विलीन होण्याआधीचं आहे.

कंडक्टरने गोधडी चाचपली. "भिया, यो कंई हे?"

"दिवा. बटाट्यांसाठी."

"क्यों, आलू को अंधेरे में डर लगता है?"

अख्खी मोटार हसली. मी भांडलो, म्हणून दिव्याचं अर्धं तिकीट काढावं लागलं.

इंदूरला मोटार बदलून दुपारी देवास. लोक आधी टेकडीवर देवीला जातात. मी सरळ अण्णांकडे गेलो. देवी कुठे पळून जाणार होती?

अण्णांनी परातभर बटाटे चिरले. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं आणि काळा चष्मा एकच. तो मी ऐटीत कुमुदला दिला. अण्णा आणि मी भिंतीकडे तोंड करून अर्धा तास उभे राहिलो.

"शाळेत असं उभं करायचे," अण्णा पुटपुटले.

"आता वळा," कुमुद म्हणाली, तेव्हा दिवा विझलेला होता.

दोन दिवस अण्णांकडे आयतं जेवलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी परातीत बोट घातलं आणि तार निघाली.

"काय दिवे लावलेस रे, वसंता!" म्हणत ते हात धुवायला अंगणात गेले.

मी दिव्यावर डाफरलो, डॉक्टरांना शिव्या घातल्या. कुमुद ऐकत उभी होती.

"दिव्याला बोलू नका," ती म्हणाली. "परातीवर मी काच ठेवली होती. काचेतून ते किरण जात नाहीत, तुम्हीच पत्रात लिहिलं होतंत. चार पानं."

"पण का?"

"माझ्यासाठी कॉलेज सोडलंत म्हणून गावभर सांगता. मी सांगितलं होतं सोडायला? अण्णांनी बटाट्यांवर लग्न ठरवलं. मला कुणी विचारलं?"

एरवी मी आरडाओरडा केला असता. तोंडातून निघालं ते एवढंच, "काच किती वेळ होती?"

"पूर्ण अर्धा तास."

म्हणजे किरण बटाट्यांना लागलेच नव्हते. अण्णांना हे सांगितलं असतं, तर दुसरी परात लागली असती आणि मी जिंकलो असतो. कुमुदचा चेहरा उतरला होता. तिलाही ते कळत होतं.

अण्णा हात पुसत आत आले. "मग? काय चुकलं?"

"माझंच गणित चुकलं, अण्णा," मी म्हणालो. दिवा काखेत मारला, बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.