चांदभाईंच्या मेहजबीनचा चेलो

चांद बँडवाल्यांची मेहजबीन दिवसा नारायण पेठेत औषधांच्या दुकानात बसते. अर्धीच गोळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती अशी काही शांतपणे बघते, की माणूस आपणहून अख्खं पाकीट घेऊन जातो. संध्याकाळी मात्र ती चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनची धिप्पाड थोरली बहीण. खुर्चीत बसून गुडघ्यांत धरायची, गज ओढायचा, की आवाज थेट पोटातून निघतो.

घरात पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा बँड. पण वरातीत पोरी वाजवत नाहीत, म्हणून ती क्लासला गेली आणि कागदावरचं संगीत शिकली. इतकं पक्कं, की समोर कागद नसला तर बोटंच उचलेनात. तिचे वडील चांदभाई चिडवायचे, "आमच्यात कागद फक्त वडापावला लागतो."

आता पुढचं ऐका. यंदा तिच्या वाद्यवृंदानं सगळा कार्यक्रमच चेलोचा ठरवला. आधी युरोपातलं जुनं शास्त्रीय संगीत, मग जॅझ. जॅझमध्ये एक जागा अशी, की वादकानं तिथं मनाचं वाजवायचं. ती जागा मेहजबीनची. पण तालमीला ती दर वेळी घरून लिहून, पाठ करूनच यायची. वाद्यवृंद चालवणाऱ्या सुनीतीबाई म्हणाल्या, "छान. अगदी स्टेशनवरच्या घोषणेसारखं." आणि कार्यक्रमात अडलीस तर तिथल्या तिथं सॅक्सोफोनवाला दिग्विजय उचलेल, मग ती जागा कायमची त्याचीच, हेही सांगून टाकलं.

चांदभाई एका लग्नातून थेट आले, सोनेरी झालरीच्या लाल कोटात, बँडची सगळी पोरं घेऊन. शास्त्रीय रचनेचा पहिला खंड संपला. दोन खंडांच्या मध्ये तिथं कुणी टाळी वाजवत नाही. यांना वाटलं, पोरीचं झालं. सगळा बँड उभा राहून टाळ्या पिटायला लागला, आणि अख्ख्या सभागृहानं माना वळवून त्यांच्याकडे अस्सल पुणेरी नजरेनं पाहिलं. मेहजबीनचे कान तापले, पण गज डळमळला नाही. पहिला भाग तिनं झोकात पार पाडला.

मग जॅझ. तिची जागा आली, पाठ केलेलं तिनं वाजवलं आणि ते संपलं, जागा मात्र अजून बाकी होती. तबकडी थांबावी तसं. दिग्विजयनं सॅक्सोफोन ओठाला लावला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत लाल बाही वर गेली आणि एक बोट हवेत गरगर फिरलं. बँडवाल्यांत त्याचा अर्थ एकच: वरात हलली नाही, गाणं संपवायचं नाही. या बोटाकडे बघतच ती लहानाची मोठी झालेली. डोक्याच्या आधी हातानं ऐकलं. शेवटचा सूर तिनं लांबवला, वळवला, सनईसारखा रडवला, मग गज मांडीवर टाकून तारा बोटांनी अशा काही छेडल्या, की ड्रमवाला हसत हसत मागे धावला. दिग्विजयनं सॅक्सोफोन खाली घेतला. सुनीतीबाई हात बांधून ऐकू लागल्या. आणि जॅझमध्ये मध्येच टाळी चालते बरं का, तर मघाशी माना वळवणारेच आता टाळ्या वाजवत होते.

वडलांचं बोट फिरतच होतं. मेहजबीननं त्यांच्याकडे बघितलंही नाही. कुठं उतरायचं ते तिनंच ठरवलं, आणि अशी उतरली, की सभागृह उभं राहिलं.

पडद्यामागे सुनीतीबाई म्हणाल्या, "नाशिकच्या कार्यक्रमातही ही जागा तुझीच. पण आजचं तिथं वाजवू नकोस. दुसरं वाजव."

"वाजवते की," मेहजबीन म्हणाली. "आजचं तरी कुठं आठवतंय मला?"