साडूंची नाव आणि माझं अंगण

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही उपद्व्याप स्वतःच्या अंगणात केलेला नाही. मधमाश्यांच्या पेट्या माझ्या गच्चीवर आल्या, इमूची जोडी माझ्या परसात राहून गेली, आणि तीन वर्षांपूर्वी, साठी उलटल्यावर, त्यांनी गोव्याहून घेतलेली जुनी कॅटमरान उसाच्या ट्रॉलीतून माझ्या सांगलीच्या दारात उतरली. कॅटमरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी जोडून, मधे जाळी ताणून, वर शीड उभारलेली नाव. "आष्ट्यात आमच्याकडं जागा न्हाई, पावणं," एवढंच स्पष्टीकरण मिळालं. तेव्हापासून माझी गाडी रस्त्यावर उभी असते.

साडू हळदीचे दलाल. रुमालाखाली हात घालून, समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा, असे सौदे त्यांनी उमेदीच्या वर्षांत केले. पुढे ती पद्धत गेली, पण खांद्यावरचा रुमाल आणि सवय दोन्ही राहिली. हॉटेलात किती चहा सांगायचे हेसुद्धा ते माझा हात रुमालाखाली ओढून सांगतात. "चार मान्सांत तोंडानं कशाला बोलायचं?" नावेची दुरुस्तीही अशीच गुपचूप चालली. गळती कुठं आहे ते बघायला त्यांनी दोन्ही होड्यांत काठोकाठ पाणी भरलं, आणि तासाभरात ते सगळं माझ्या बैठकीच्या खोलीत आलं. फाटलेलं शीड मंडपवाल्याकडे शिवायला दिलं, तर त्यानं सवयीनं खाली लाल झालर लावून दिली. मी कपाळाला हात लावला. साडू म्हणाले, "असू दे की. लय शोभा आली."

शेवटी माझ्या मेव्हणीनं, म्हणजे अक्कांनी, माझ्याच अंगणात उभं राहून नवऱ्याला सुनावलं, "आवं, एक तरी शर्यत शेवटापत्तुर पुरी करून दावा. कुनी दोर लावून काठाला आनलं, तर त्याच दिवशी ह्ये भंगारात!" साडूंचा चेहरा उतरला आणि माझा उजळला. मधमाश्या उडून गेल्या होत्या, इमू विकले होते. आपलं काहीच शेवटाला गेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

शर्यत साताऱ्याकडच्या एका धरणाच्या पाण्यावर होती. सोबतीला घरचा माणूस म्हणून मी. वळायचं कधी आणि कुठल्या बाजूला, हे साडू रुमालाखाली माझी बोटं दाबून सांगणार होते, म्हणजे बाकीच्यांना आमचा डाव कळायला नको. बाकीचे केव्हाच एवढे पुढे गेले होते की आमच्याकडे बघायला मागे कुणी नव्हतंच. पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी पिंपाला वळसा घालायची वेळ आली. साडूंच्या एका हातात शिडाचा दोर, दुसऱ्यात सुकाणू. त्यांनी शांतपणे सुकाणू सोडलं, हात रुमालाखाली घातला आणि माझं बोट दाबलं. मी इमानेइतबारे बोटं मोजतोय तोवर नाव गर्रकन फिरली, आडवी झाली, आणि आम्ही दोघे झालरीसकट पाण्यात.

"आवं, तोंडानं सांगायला काय झालं हुतं?" मी पाण्यातून ओरडलो.

"सवय हाय ओ, पावणं."

नाव सरळ करून आम्ही वर चढेपर्यंत बाकीचे काठावर चहा पीत होते. आयोजकांची इंजिनाची होडी आली. तिच्यातल्या माणसानं दोर पुढे केला. "काका, धरा. वारं बी पडलंय." ज्या दोरानं माझं अंगण मोकळं होणार होतं, तो माझ्यापासून हातभर लांब होता. तेवढ्यात ओल्या रुमालाखाली साडूंनी माझा हात धरला. मी बोटं मोजायला सज्ज झालो, पण एकही बोट दाबलं गेलं नाही. त्यांनी नुसता हात धरून ठेवला होता. मला फार वाईट वाटलं.

"नको," मी त्या माणसाला म्हणालो. "आमचं आमी येतो."

तासाभरानं आम्ही आलो, सगळ्यांच्या शेवटी. अक्कांनी नवऱ्याच्या अंगावर कोरडी चादर टाकली.

आता गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी साडूंना पाण्यात उतरायची मनाई केली आहे. नाव माझ्याच अंगणात आहे, गाडी रस्त्यावरच. झालर मीच धुतो. महिन्यातून एकदा साडू आष्ट्याहून येतात, नावेच्या जाळीवर बसतात आणि मी शेजारी टेकलो की रुमाल पुढे करतात. मी हात घालतो.