अळंबीला हवा दुसरा होकार

मंडळी, आज सकाळी कलघटगीच्या बसने सागवानाच्या रानात जाऊन आलो. सुमती गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, पहिल्यांदाच. रानातल्या पायवाटेवर शाळेतल्या कविता मोठ्याने म्हटल्या. ऐकायला कोणी नव्हतंच.

एका वारुळाजवळ अळंबी उगवली होती. पांढरीशुभ्र, छत्र्या अर्धवट उघडलेल्या. पिशवीभर आणली.

आमच्या घरचा एक नियम होता. रानातली अळंबी एकाने आणायची आणि दुसऱ्याने एकेक उलटून, हुंगून पाहायची. दोघांचा होकार असेल तरच ती शिजायची. चाळीस वर्षं दुसरा होकार सुमतीचा. ती नको म्हणाली की मी रुसायचो. मग म्हणायची, "रुसलेला नवरा परवडला हो, मेलेला नको."

नवनगरला घरी आलो, ओट्यावर पेपर पसरून अळंबी मांडली आणि चक्क वाट पाहत उभा राहिलो.

शेवटी शेजारच्या गिरिजाअक्कांना बोलावलं. त्या हसल्या, "अण्णा, मला बाजारातली डब्यातली तेवढी कळतात!" मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, "अप्पा, हे आईलाच कळायचं."

माझी खात्री होती हो. पण नियम मोडवेना. सगळी अळंबी कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरली आणि एकट्यापुरतं पिठलं टाकलं.

जेवताना एकच विचार येत होता, तो तुम्हालाच विचारतो. आज घरात कोणी तुम्हाला "हे खाऊ नका" म्हणालं का?