खरूज नव्हतीच ती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा मीठमसाला लावून सांगते! तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. माझाच मला वैताग आलाय, एवढं खरं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवऱ्याची बदली चेन्नईला झाली, आम्ही बँकेच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेलो आणि मी तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. परजीवी हा माझा लाडका विषय. बगळे, बदकं अशा पाणपक्ष्यांच्या रक्तात काही चपटकृमी राहतात. त्यांची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यातून निघालेले जीव खाडीतल्या गोगलगाईंमध्ये शिरून वाढतात, आणि मग तिथून अळ्या बाहेर पडतात — पुन्हा पक्ष्याचे पाय शोधत. माणसाचा पाय सापडला तर? चुकून त्यात शिरतात आणि तिथंच मरतात. पुरळ येतं, खाज सुटते, आठवडाभरात आपोआप जाते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचे, बगळ्यासकट!

प्रॅक्टिकलसाठी अशा गोगलगाई हव्या होत्या. एका रविवारी मी मुट्टुकाडूच्या खाडीवर निघाले, तर क्वार्टर्समधली मराठी पोरं मागं लागली. पाण्यात उतरू देणार नाही, असं मी त्यांच्या आयांना सांगितलं. आणि उतरू दिलं. ऊन मी मी म्हणत होतं, पोरांची किरकिर थांबेना, मला माझ्या गोगलगाई वेचायच्या होत्या — जा बाबांनो, खेळा एकदाचे, फक्त घरी सांगू नका! मी स्वतः मात्र गमबूट घातले होते. काय म्हणावं या बाईला?

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांच्या पोटऱ्या लालभडक. मी कॉलेजात गोगलगाई पाण्यात घालून उन्हात ठेवल्या, थोड्या वेळानं त्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. शंकेला जागाच नव्हती.

घरी येते तो बायकांनी सेल्वीवर खापर फोडलेलं. सेल्वी आम्हा सगळ्यांकडे भांडी घासायची, पोरांना आंघोळ घालायची. साबणानं तिचे हात कायम फुटलेले. हिनंच खरूज आणली — ठरलं! शेजारच्या शिंदेवहिनींनी मला विचारलं, "तुम्ही तर यातल्याच. खरूजच ना ही?"

"असू शकेल," मी म्हणाले.

झालं. खरं सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? शिकलेली बाई आणि पोरांना पाण्यात सोडते, म्हणून चार बायका चार दिवस फणफणल्या असत्या. त्या फणफणण्याला मी घाबरले. फळ्यापुढं तासन्‌तास बोलणारी मी — मूग गिळून बसले.

संध्याकाळी सेल्वी माझ्याकडे आली. तिला सगळ्यांनी कामावरून काढलं होतं. "नान एन्न पण्णेन, टीचर?" मी काय केलं? टीचरला यातलं कळतं, टीचर सांगेल, अशी तिची खात्री. तिनं हात पुढं केले. मी ते ट्यूबलाइटखाली उलटसुलट करून पाहिले — काय पाहत होते मी? — आणि खरजेच्या औषधाची बाटली आणून तिला दिली. घरात सगळ्यांना लाव, म्हटलं.

आठवडाभरात पुरळ जाईल, सगळे विसरतील, असं मी धरून चालले होते. पुरळ गेलंच, आणि तेच तिच्या मुळावर आलं! सेल्वीला काढलं आणि पोरं बरी झाली — आणखी कसला पुरावा हवा? तिला पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही. मीही नाही. घेतलं असतं तर का घेतलं ते सांगावं लागलं असतं.

ती आणखी एकदा आली. औषध सगळ्यांना लावलं म्हणाली — नवऱ्याला, सासूला, अंगावर पिणाऱ्या मुलीलाही. आग होऊन मुलगी फार रडली, पण टीचरनं सांगितलंय म्हणून पुसलं नाही. मग तिनं त्या औषधाबद्दल माझे आभार मानले.

मी "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.